डावा अंगठा

कुठल्याही घरात पाऊल टाकलं की ओळंबा आधी भिंतीवरून हात फिरवायचा. "बसा" म्हटलं तरी बसायचा नाही. प्रसंग आनंदाचा असो की दुःखाचा, तळहात भिंतीला टेकवून तो एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरकत जायचा आणि मग नाक मुरडून खुर्ची ओढायचा. घरच्यांना वाटायचं, ओल आलीय का बघतोय. त्याच्या बायकोला ठाऊक होतं, तो खोट शोधतोय. चारचौघांत त्याला चिमटे काढून काढून ती थकली होती.

धंद्याने तो गवंडी, आणि त्यातही गिलाव्याचा. विटा काय कुणीही रचतं, म्हणायचा, त्या झाकायला माणूस लागतो. उंच, सडसडीत, पाठीचा कणा ताठ. भिंत सरळ आहे का ते पाहायला दोरीला वजन बांधून सोडतात त्या ओळंब्यासारखा, म्हणून सगळे त्याला ओळंबाच म्हणत. त्यालाही ते आवडायचं. काम होतंच तसं. त्याच्या भिंतीवर कडेने उजेड पाडून पाहिलं तरी कुठे सावली उठायची नाही. बाजारातलं औषधांचं दुकान, शाळेचं सभागृह, चांगल्या वस्तीतली कितीतरी घरं, सगळीकडे त्याच्या भिंती होत्या, आणि रस्त्याने जाताना तो त्यांच्याकडे बाप लेकरांकडे पाहतो तसं पाहायचा. माणसांकडे तसं पाहायची मात्र त्याला सवय नव्हती. दुसऱ्या गवंड्याच्या कामाला "बरं आहे" एवढंसुद्धा त्याच्या तोंडून कधी निघालं नाही.

हा चिक्कूपणा त्याने थोरल्या मिस्त्रींकडून उचलला होता. थोरले मिस्त्री त्याचे गुरू. डावरे होते. तरुणपणी वीट पडून त्यांच्या डाव्या अंगठ्याचं टोक चपटं झालं होतं आणि त्यावर एक आडवी रेघ कायमची राहिली होती. हाताखालच्या माणसाने भिंत संपवली की ते यायचे, मान तिरकी करून पाहायचे. काम पसंत पडलं तर तसेच निघून जायचे. नाही पडलं तर ओल्या गिलाव्यात, दाराशेजारी कमरेच्या उंचीला, तो डावा अंगठा दाबायचे. तो खळगा दिसला की समजायचं, सकाळी ही भिंत फोडायची. आणि ज्याने केली त्यानेच फोडायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. आधी थापीच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकत जायचं, कुठे पोकळ वाजतं ते ऐकायचं, आणि पोकळ वाजेल तिथे पहिला घाव घालायचा.

ओळंब्याने अशा भिंती किती फोडल्या त्याला गणती नव्हती. रडत फोडल्या, शिव्या घालत फोडल्या. पुढे पुढे अंगठा उमटेनासा झाला. पण "शाब्बास" कधी ऐकू आलं नाही. कुणी विचारलंच तर मिस्त्री ओळंब्याकडे हनुवटीने खूण करून म्हणायचे, "हा माझ्या हातचा." एखादी भिंत दाखवावी तसं. बस्स, त्यापुढे काही नाही. मग मिस्त्री गेले. दुखवट्याला गेलेल्या ओळंब्याने मिस्त्रींच्या बायकोसमोर, काकूंसमोर, बसायच्या आधी त्यांच्या पुढच्या खोलीतल्या भिंतीवरून हात फिरवला, आणि काकूंनी ते पाहिलं.

मिस्त्रींच्या हाताखालून गेलेल्या माणसांत आणखी एक रीत होती. दुसऱ्याची भिंत फोडायची वेळ आली, तर पहिल्या घावाआधी त्या कामाबद्दल एक चांगला शब्द मोठ्याने बोलायचा. काम कितीही भिकार असो. कोपरे नेटके काढलेत, माल कसदार वापरलाय, काहीतरी. आणि त्या वेळी खोट काढायची नाही. माणूस समोर असताना तोंडाला कुलूप आणि त्याची भिंत पाडताना कौतुक, असा हा उफराटा कारभार. ओळंब्याने तो आपल्या मेहुण्याच्या गळ्यात घातला होता. बायकोचा हा धाकटा भाऊ त्याच्या हाताखाली वाळू-सिमेंटचा माल कालवायचा. चाळिशी उलटलेला, गोल, बडबड्या. गोड बोलायला त्याला कधी कष्ट पडले नाहीत.

काकूंचा निरोप आला तेव्हा ओळंबा जेवत होता.

"त्यांच्या भिंतीतला नळ फुटला म्हणे," बायको म्हणाली. "नळवाल्याने दुरुस्त केलाय, पण भिंत सुटलीय. तुम्हालाच बोलावलंय."

"मलाच का?"

"दुसऱ्या कुणाचा हात त्या भिंतीला लागायचा नाही, म्हणाल्या."

ओळंब्याने हात धुतले. पण आरशासमोरून जाताना तो जरा थांबला, आणि बायकोला तेवढ्यावरून कळलं की स्वारी खूश आहे.

काकूंची पुढची खोली लांबट होती. रस्त्याच्या बाजूला एकच खिडकी, तीही कोपऱ्यात, त्यामुळे उजेड त्या लांब भिंतीवर कडेने यायचा. गवंड्याची अब्रू काढणारा उजेड. मिस्त्रींनी आपलं शेवटचं काम मुद्दाम इथे केलं होतं. भिंतीला रंग कधी दिलाच नव्हता. तिला तो लागत नव्हता. दाराकडच्या अर्ध्या भागाला पाण्याने फुगवटा आला होता, मधे नळवाल्याने खोदलेली चर होती. खिडकीकडचा अर्धा भाग जसाच्या तसा होता. काकूंनी भिंतीसमोर एक खुर्ची मांडली होती आणि तिच्यात त्या बसल्या होत्या, पाय जमिनीला जेमतेम टेकवून.

"आलास," काकू म्हणाल्या. बस म्हणाल्या नाहीत.

मेहुण्याने घमेलं खाली ठेवलं, हात पँटला पुसले आणि घसा साफ केला. "काय भिंत आहे हो काकू! थोरल्या मिस्त्रींचा हात म्हणजे..."

"तू नको," काकू म्हणाल्या. "याने बोलायचं. फोडणार हा आहे."

मेहुणा मागे सरकला. ओळंब्याने थापी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"भिंतीला काय ऐकू येतं का, काकू?"

"तिला येत नसेल. मला येतं."

एक वाक्य बोलायचं होतं. काकूंनी त्याला पोरसवदा असताना स्वतःच्या ताटातलं वाढलं होतं, त्यांच्याकडे पाहून तरी बोलायचं. पण काकूंच्या त्या आवाजाने ओळंब्याच्या डोक्यात तिडीक गेली. आयुष्यभर नवरा अंगठा दाबत गेला आणि आता बायको शब्द मागतेय.

"खरं सांगू? शेवटी शेवटी मिस्त्रींचा हात गेलाच होता," तो म्हणाला. "माल पातळ कालवलाय. नाहीतर एवढ्या पाण्याने गिलावा सुटत नाही."

हे खोटं होतं. बोलता बोलताच त्याला ते कळलं. एवढं पाणी मुरल्यावर कुणाचाही गिलावा सुटला असता. ओळंब्याचा तर आधी सुटला असता.

काकू हलल्या नाहीत. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"बरं," त्या म्हणाल्या. "फोड."

ओळंब्याने थापीच्या मुठीने ठोकून पाहिलं. फुगलेल्या भागात पोकळ वाजलं, तिथे त्याने घाव घातला. चरीच्या आसपास गिलावा सुटून आला, पण जरा बाजूला सरकलं की छिन्नी उसळून परत यायची. मनगटापर्यंत झिणझिण्या गेल्या. वरचा थर निघाला तिथे खालचा दिसायला लागला, आणि ओळंब्याचा हात क्षणभर थांबला. कुणाला कधी दिसणार नाही अशा त्या खालच्या थरावर मिस्त्रींनी थापीच्या टोकाने रेघा ओढल्या होत्या, वरचा थर धरून राहावा म्हणून. सगळेच ओढतात. पण या रेघा चटईच्या विणीसारख्या एकसारख्या होत्या, जेवढ्या उघड्या पडल्या तेवढ्या सगळ्या डाव्या हाताच्या वळणाच्या. त्याने छिन्नी पुन्हा टेकवली आणि घाव घातला.

"सुटली एकदाची," तो म्हणाला.

नव्या गिलाव्यावर त्याने जीव ओतला. मेहुण्याला वाळू पुन्हा पुन्हा चाळायला लावली. त्याला भिंत नुसती करायची नव्हती. मिस्त्रींची अर्धी भिंत आणि त्याची अर्धी भिंत जिथे मिळतात तो सांधा कुणालाही, हाताला किंवा उजेडाला, सापडता कामा नये अशी करायची होती. काकू खुर्चीतून पाहत होत्या. दुपार कलताना त्याने थापीचा शेवटचा हात मारला, डोळे मिटून तळहात भिंतीवरून सरकवला, आणि सांधा त्याला स्वतःला सापडला नाही.

"दाजी," मेहुणा हळूच म्हणाला, "तोड नाही."

दोघं मागच्या अंगणात हात धुवायला गेले. काकूही त्यांच्याबरोबर आल्या आणि त्यांनी मेहुण्याच्या हातावर पाणी घातलं. परत आले तर दाराशेजारी, कमरेच्या उंचीला, ओल्या गिलाव्यात एक खळगा होता.

टोक चपटं. मधून आडवी रेघ.

ओळंब्याने आधी मेहुण्याचं मनगट धरलं. त्याचा अंगठा जाडजूड, खळग्यात मावेना. मग त्याने काकूंकडे पाहिलं. त्यांनी न सांगता दोन्ही हात पुढे केले. बारीक, सुकलेली बोटं.

"कोण आलं होतं?"

"दार आतून लावलेलं आहे," काकू म्हणाल्या. "तूच लावलंस. धूळ बाहेर जाते म्हणून."

"ही चेष्टा मला खपायची नाही, काकू."

"त्यांच्या कामात मी कधी बोलले नाही," काकू म्हणाल्या. "आताही बोलणार नाही."

ओळंब्याने खळगा भरला, घोटला आणि तणतणत घरी गेला. सकाळी येऊन पाहतो तर खळगा तिथेच. गिलावा रात्रीतून पक्का झाला होता. नखाने ओरखडा उठत नव्हता. तरीही अंगठा आत गेला होता, लोण्यात जावा तसा, कडांना एकही तडा न जाता.

त्याने सगळी अर्धी भिंत पुन्हा फोडली. मिस्त्रींच्या रीतीप्रमाणे, स्वतःच्या हाताने. पुन्हा गिलावा केला, खिडकी लावली, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. काकूंनी विरोध केला नाही. त्या फक्त आपली खुर्ची बाहेर घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी त्याने कुलूप काढलं तेव्हा मेहुणा त्याच्या मागे उभा होता, आणि ओळंब्याच्या आधी त्यालाच ते दिसलं.

"दाजी, चला इथून," तो म्हणाला.

ओळंबा चिडला, पण गेला. गिलावा कच्चा राहिला असेल, आत हवा अडकली असेल, काहीतरी असेल, असं तो रस्ताभर बडबडत राहिला. स्वतःलाच पटवत होता. मेहुणा एकदाही हो म्हणाला नाही, आणि हे कधी घडलं नव्हतं.

घरी पोहोचतात तोच औषधांच्या दुकानदाराचा फोन आला.

"मिस्त्री, तुम्ही केलेल्या भिंतीत खळगा पडलाय. काम कच्चं होतं का हो?"

इतक्या वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो तसाच दुकानात गेला. दाराशेजारी, कमरेच्या उंचीला. भिंतीवर निळा तेलरंग होता. रंग फाटला नव्हता, सुटला नव्हता. भिंतीबरोबर तोही आत गेला होता आणि त्या आडव्या रेघेत चमकत होता. गिऱ्हाइकं ओळंब्याला वळसा घालून जात होती. दुकानदार मोठ्या माणसासारखा समजुतीने बोलत होता, आणि ते ओळंब्याला जास्त लागलं.

मग शाळेतून बोलावणं आलं. मग एका वकिलाच्या घरून. मग त्याने फोन उचलणं बंद केलं आणि स्वतःच हिंडू लागला. काही ना काही निमित्त काढून तो आपल्या जुन्या कामांच्या दारात जायचा, आत पाऊल टाकायचा आणि न पाहताच हात दाराशेजारी न्यायचा. बोट दरवेळी खळग्यात जायचं. कुठे रंगाखाली, कुठे कागदाखाली, एका ठिकाणी तर भिंतीवर लावलेल्या फरशीत. त्याने उभं केलेलं एकेक काम कुणीतरी शांतपणे पाहत चाललं होतं आणि नापसंत करत चाललं होतं. लोक कुजबुजायला लागले. ठरलेली कामं दुसऱ्या गवंड्यांकडे गेली. त्याचं ओळंब्याला फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच की आता आपलं म्हणून दाखवायला एकही भिंत राहणार नाही. हा विचार आला की त्याचे हात थरथरायचे, आणि गवंड्याचे हात थरथरले की संपलंच.

शेवटची भिंत घरातली निघाली. लग्न झालं त्या वर्षी त्याने आपल्या खोलीचा गिलावा केला होता, आणि नवी नवरी असताना त्याच्या बायकोने त्या भिंतीला गाल लावून पाहिला होता. आता ती दाराशेजारी उभी होती. तिने आपला अंगठा त्या खळग्यात ठेवून पाहिला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

"अहो, हे कुणाचं आहे?"

मेहुणा उंबऱ्यात उभा होता, तो आत आला.

"दाजी, जाऊन बोलून टाका. एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

"त्यांनी मला दिला का कधी?" ओळंबा ओरडला. बायको दचकली. "एवढी वर्षं राबलो मी. एकदा तरी म्हणाले का, जमलं तुला? एकदा? मग मीच का द्यायचा?"

ओळंबा पलंगावर बसला आणि त्याने तोंड ओंजळीत धरलं. एवढा उंच माणूस, पण बसल्यावर अगदीच लहान दिसला.

सकाळी तो मेहुण्याला घेऊन काकूंकडे गेला. खिडकीतून कडेने उजेड येत होता. ओळंबा मिस्त्रींच्या अर्ध्या भिंतीसमोर उभा राहिला, पण हात लावायचं त्याला धैर्य होईना.

"काकू, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "माल पातळ नव्हता. माझी छिन्नी उडत होती त्यावर. आत त्यांनी ज्या रेघा ओढल्यात ना, त्या कुणाला दिसणार नव्हत्या. कुणालाच नाही. तरी एक रेघ वाकडी नाही. मी असतो तर हात आवरता घेतला असता."

काकू ऐकत होत्या.

"दुखवट्याला आलो तेव्हा मी या भिंतीवरून हात फिरवला. तुम्ही पाहिलंत. तुम्हाला वाटलं असेल, मेलेल्या माणसाचीही खोट काढतोय. तसं नव्हतं. मला वाटलं, आता असं काम कोण करणार. मला येत नाही. मी सगळ्यांना येतं म्हणून सांगत फिरतो. पण मला येत नाही, काकू."

त्याचा आवाज फुटला. मेहुणाही नाक पुसत होता. ओळंब्याने डोळे पुसून वर पाहिलं. दाराशेजारची भिंत सपाट होती. खळगा भरल्याची खूणही नव्हती, आणि तो कधी गेला ते तिघांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं. मेहुणा धावत गेला आणि त्याने दोन्ही तळहात भिंतीवर ठेवले.

"गेला! दाजी, गेला!"

काकूंनी डोळे मिटून घेतले. मग उठून चहा करून आणला आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "बस."

चहा पिताना त्या जरा सैल झाल्या. "हे त्यांना सांगितलं असतंस तर."

"ते ऐकून घेणारे होते का?"

"नव्हते. तरी सांगायचं असतं." काकूंनी बशी खाली ठेवली. "गोळ्या आणतो म्हणून निघायचे, तुझ्या त्या औषधांच्या दुकानात. जवळ दुसरं दुकान होतं, तरी तिकडेच. तासाभराने परत यायचे. मी विचारायचे, गोळ्या कुठायत? तर म्हणायचे, विसरलो."

ओळंबा कितीतरी वेळ कपाकडे पाहत राहिला. त्याच्या छातीवरचा एक जुना दगड कुणीतरी उचलून नेला होता. इतका हलका तो पोरवयातही कधी झाला नसेल. निघताना त्याने मिस्त्रींच्या भिंतीवरून शेवटचा हात फिरवला, मायेने, थेट खिडकीपासच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत. तिथे हात थांबला. गवंड्याचा हात होता तो, त्याला थांबावंच लागलं.

"हा कोपरा तेवढा," तो हसत म्हणाला, "केसभर फुगीर राहिला हो त्यांचा. डावऱ्याचा हात अडतो इथे."

मेहुण्याच्या हातातलं घमेलं भिंतीला लागून वाजलं.

"काय म्हणालास?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. आपलं सहज."

काकू त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्यांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला होता.

"जा आता," त्या म्हणाल्या, आणि दोघं बाहेर पडताच त्यांनी दार लावून घेतलं.

मेहुणा वाटभर मागे वळून पाहत होता. पण काही झालं नाही. औषधांच्या दुकानातली भिंत सपाट होती. शाळेतली सपाट होती. वकिलाच्या घरात ओळंब्याने रंगावरून बोट ओढलं तर ते सरळ चौकटीला जाऊन लागलं. दुकानदार ओशाळून म्हणाला, "आम्हालाच भास झाला म्हणायचा." घरी बायकोने भिंतीला पुन्हा गाल लावून पाहिला आणि हसली. कामं परत आली. ओळंबा जेवणावर ताव मारू लागला, आणि एकदा तर बायकोने केलेल्या कालवणाला "बरं झालंय" म्हणाला. ती चाट पडली.

थोड्याच दिवसांनी एका सकाळी त्याची पाठ धरली. मोठ्या छताचं काम करून आला होता, तेव्हा त्यात नवल नव्हतं. तो पलंगावर पालथा पडला आणि बायको त्याच्या पाठीला तेल चोळायला बसली. खिडकीतून कोवळं ऊन कडेने आत येत होतं. ती खांद्यांपासून खाली चोळत आली, इकडचं तिकडचं बोलत. कमरेपाशी तिचा हात थांबला.

"इथे काय लागलं तुम्हाला?"

"कुठे?"

"इथे. खळगा पडलाय."

"काही लागलं नाही."

"दुखतंय?"

"नाही."

तिने बोटाने दाबलं, कडेने कातडी ओढून पाहिली, पुन्हा सोडली.

"भरत नाही हो हे."

ओळंब्याचं तोंड उशीत होतं. त्याने ते वळवलं नाही.

"मधून आडवी रेघ आहे का?"

तिचा हात पाठीवरून निघाला. मग पलंग हलका झाला, ती उठली होती.

"थांबा. आरसा आणते. हलू नका."

तिची पावलं आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार करकरलं, वस्तू सरकवल्याचा आवाज आला. ती तिकडे होती. मेहुणा कामावर गेला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं.

ओळंबा हलला नाही.

त्याच्या पाठीवर कुणीतरी हलकेच ठोकलं. लाकडी मुठीने.

जरा वर.

मग जरा खाली.

मग पुन्हा तिथेच, जिथे पोकळ वाजलं होतं.